कॉलेजच्या पोरींच्या हॉकी टीमसाठी गावातल्या लोकांचं मंडळ काढायचंय, कोणी केलंय का असं?

रेल्वेग्राउंड_भुसावळ

नमस्कार मंडळी. भुसावळहून लिहू राहिलो. इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वय ४३, कॉलेजात तीन वर्षं हॉकी खेळलो लेफ्ट हाफला, नंतर स्टिक माळ्यावर गेली ती गेलीच. पण विषय माझा नाही, आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या पोरींच्या टीमचा आहे. कॉलेजचं नाव टाकत नाही, कोणावर बोट ठेवायला हा धागा काढलेला नाही.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात त्यांची मॅच बघायला गेलो, बाहेरगावी होती, भाचीची मैत्रीण खेळते म्हणून. पोरी आदल्या रात्री जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून आल्या होत्या, सकाळी सातला उतरल्या, स्टेशनवरच तोंडं धुतली, वडापाव खाल्ला आणि दहाला मॅच. टर्फवर, म्हणजे त्या प्लास्टिकच्या गवताच्या ग्राउंडवर, पाय बी त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा ठेवला. इथं मुरमाच्या ग्राउंडवर खेळणाऱ्या पोरी त्या, बॉल उड्या मारत येतो म्हणून स्टिक जरा वर धरायची सवय, आणि टर्फवर तोच बॉल सपाट सुळकन स्टिकच्या खालून निघून जातो. पहिल्या क्वार्टरमधेच तीन गोल बसले.

पण मला जे अजून झोपू देत नाही ते दुसरंच आहे. गोलकीपर पोरीच्या उजव्या किकरचा पट्टा तुटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किकर म्हणजे बुटावर चढवायचा तो जाड फोमचा ठोकळा, त्याचे पट्टे तळपायाखालून आणि घोट्यामागून बांधतात. जास्तीचा पट्टा कोणाकडेच नव्हता. तिने स्वतःच्या ट्रॅकपँटची नाडी ओढून काढली, एक टोक दातात धरून गाठ मारली आणि परत गोलमधे उभी राहिली. शेवटच्या क्वार्टरला पेनल्टी कॉर्नर (फाउलबद्दल गोलसमोर मिळणारा फटका) मिळाला समोरच्यांना, आणि त्याच पायाने तिने तो अडवला. ०-६ हरल्या. मॅच संपल्यावर ती खाली बसून गाठ सोडू राहिली होती, सुटत नव्हती, मी दुकानाच्या किल्लीचं टोक घालून सोडवायला लागलो तर म्हणते, "काका, तोडू नका हो, परत घालायचीय."

परत येताना आम्ही चार-पाच जुने खेळाडू प्लॅटफॉर्मवर बसून ठरवलं की आता नुसतं हळहळून उपयोग नाही. आतापर्यंत ३८ हजार जमलेत, सगळे माझ्या फोनपेवर आलेत आणि तेच मला बरोबर वाटत नाही, म्हणून इथं विचारतोय. असं मंडळ काढायचं तर रजिस्ट्रेशन लागतं का, पैसे कोणाच्या खात्यात ठेवायचे, कॉलेजला आधी सांगायचं की काम दाखवून मग जायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे एका ओळखीच्या व्यापारी माणसाने २५ हजार देतो म्हटलंय पण सोबत असं बी म्हटलंय की पुतणीला जरा अकरामधे घ्या. पोरगी वाईट खेळत नाही, पण अकरातली नाही ती. पैशाची गरज तर आहेच, मंग काय करावं? ज्यांनी कोणत्याही खेळासाठी असं काही चालवलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, मोठं लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

धुळ्याचा_गोली

भाऊ, नाडीवाला किस्सा वाचून हात थांबला माझा. मी धुळ्याला सात वर्षं गोलकीपर होतो, तुटलेल्या पट्ट्याला सुतळी बांधून खेळलेलो आहे, त्यामुळे त्या पोरीला काय वाटलं असेल ते मला कळतं. बॉल असतो १५६ ते १६३ ग्रॅमचा, कडक प्लास्टिक, आणि गोल असतो १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. पाय एकदा जरी नीट झाकलेला नसला ना तर पुढच्या बॉलला पाय आपोआप मागे येतो, मनाने कितीबी ठरवा.

म्हणून माझं म्हणणं, पहिला पैसा गोलकीपरवर. ब्लेझर, ट्रॅकसूट, मंडळाचं नाव छापलेले टी-शर्ट हे सगळं नंतर. पॅड, किकर, छातीचं गार्ड, हेल्मेट, दोन्ही हातांचे प्रोटेक्टर, असा साधाच पण पूर्ण सेट आम्हाला ३२ हजाराला पडला होता, जालंधरहून मागवला होता. लोकलला घेऊ नका, इथं क्रिकेटचं सगळं मिळतं पण हॉकीचं माप सापडत नाही. आणि पोरीला समोर बसवून पायाचं माप घ्या, मुलांच्या मापाचे पॅड मुलीला दिले की मांडीला घासतात आणि पळता येत नाही. पेनल्टी कॉर्नरला लाइनवरून पळणाऱ्यांचे चार फेस मास्क, आणि सगळ्यांना शिनपॅड आणि माउथगार्ड. माउथगार्डला पोरं लाजतात, पण दात एकदाच पडतो.

दुसरा पैसा कुठं घालायचा ते सांगतो, हे लोकांना लवकर पटत नाही. एक जास्तीची रात्र. म्हणजे मॅच सोमवारी असेल तर टीम शनिवारी पोचली पाहिजे, रविवारी त्यांना टर्फवर दोन तास नुसतं ट्रॅपिंग आणि पुशिंग, म्हणजे बॉल अडवणं आणि ढकलणं, करू द्या. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी टर्फवर गेली आणि आपण अजून मुरमावर, हे काही तुम्ही-आम्ही वर्षात बदलणार नाही. पण एक दिवस आधी पोचणं आपल्या हातात आहे. आम्ही एका वर्षी पुण्याला पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमला दोन दिवस आधी जाऊन राहिलो, धर्मशाळेत राहिलो, स्वतः खिचडी केली, आणि त्या वर्षी आम्ही ज्या टीमकडून आधी पाच खाल्ले होते तिच्याशी १-१ केली. पोरं तीच होती. फक्त बॉल कसा येतो ते डोळ्याला कळलं होतं.

आणि इथल्या प्रॅक्टिसला टँकर मारून ग्राउंड ओलं करून रोलर फिरवा, धूळ बसते, बॉल थोडा तरी सपाट पळतो. तेवढं मंडळाच्या माणसांनी संध्याकाळी चारला जाऊन केलं तरी खूप झालं, त्याला पैसे बी लागत नाहीत, ओळखीचा टँकरवाला लागतो.

शहाद्याची_आई

माझी मुलगी दोन वर्षं खेळते, दुसऱ्या कॉलेजला, म्हणून लिहिते. भाऊ तुमचं सगळं वाचलं, मनापासून चांगलं वाटलं, पण एक विचारते, तुमच्या चार-पाच जणांत बाई एकतरी आहे का?

रागाने नाही म्हणत. किट आणि पैसे महत्त्वाचे आहेतच पण आमच्याकडे पोरी खेळ सोडतात त्या पट्टा तुटला म्हणून सोडत नाहीत, संध्याकाळी घरी कसं यायचं म्हणून सोडतात. प्रॅक्टिस साडेसहाला संपते आणि गावाकडची शेवटची एसटी सहा वाजता गेलेली असते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्याचा फार आधार झाला, खरंच, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करणार. माझ्या मुलीसोबत धडगावकडच्या दोन पोरी आहेत, होस्टेलला राहतात, पळायला अशा की बघत राहावं, त्यांच्या घरून बाहेरगावी जायची परवानगी कशी मिळाली माहितीये का, मी स्वतः त्यांच्या आईशी फोनवर बोलले, म्हटलं मी जातेय सोबत, माझ्या शेजारी झोपतील. तेवढंच. आईला आईचा आवाज ऐकायचा असतो.

तर तुमच्या मंडळात निम्म्या बायका घ्या. प्रत्येक बाहेरगावच्या मॅचला दोन जणी सोबत जातील असं लिहूनच ठेवा, टीमच्या मॅडम एकट्या किती बघणार. सामानात सॅनिटरी पॅडची पाकिटं, जुन्या दोन साड्या आणि एक दोरी ठेवा. साड्या कशाला म्हणाल तर बऱ्याच ग्राउंडवर पोरींना कपडे बदलायला जागाच नसते, आम्ही दोन झाडांना दोरी बांधून साड्यांचा आडोसा करतो, दोन मिनिटांचं काम आहे पण पोरी मोकळ्या होतात. पाणी पोरी मुद्दाम कमी पितात कारण संडास नसतो किंवा घाण असतो, मग चौथ्या क्वार्टरला पाय गोळे येऊन पडतात आणि लोक म्हणतात स्टॅमिना नाही. आधी जाऊन संडास बघून, धुऊन घेणारं माणूस पाहिजे. हे काम आम्ही केलंय, सांगायला लाज नाही.

आणि घरच्यांना मॅच बघायला आणा हो. माझ्या मिस्टरांनी मुलीची मॅच पहिल्यांदा बघितली त्या दिवसापासून तिला घरी कोणी "कशाला खेळते" विचारलं नाही.

जमाखर्च_अमळनेर

मी सीए आहे, अमळनेरला प्रॅक्टिस. पैशाचं जे विचारलंय त्यावर सरळ लिहितो.

आधी तुमच्या फोनपेवरचे ३८ हजार. घाबरू नका पण आजच एक वही करा, कोणी किती कधी दिले, आणि तो फोटो देणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाका. पुढचे पैसे स्वतःच्या खात्यावर घेणं थांबवा. वर्गणी मागत फिरायचं असेल तर गणेश मंडळं जशी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून कलम ४१-सी ची परवानगी काढतात तशीच तुम्हालाही लागू शकते, त्यामुळे ओळखीच्या पाच-दहा लोकांच्या बाहेर जायच्या आधी जळगावच्या ऑफिसला विचारून घ्या.

कायमचं रजिस्ट्रेशन करायचं तर सात जण लागतात, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी, आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशोब तपासणी, बदल अर्ज, हे सगळं आलं. मी म्हणेन पहिल्या वर्षी त्यात पडूच नका. त्यापेक्षा कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ आहे का बघा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे का हे विचारतात, म्हणून बऱ्याच कॉलेजांनी तो नोंदवून ठेवलेला असतो, पॅन असतं, बँक खातं असतं, आणि वर्षातून एक मेळावा सोडला तर त्यात काही चालू नसतं. त्याच्या कमिटीला भेटा, म्हणा हॉकीसाठी एक उपसमिती करा आणि हॉकीचा निधी वेगळ्या शीर्षाखाली ठेवा. दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असा ठराव करून घ्या, त्यातली एक सही खेळाडूच्या पालकाची.

८०जी, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीबद्दल, लोक विचारतीलच. संस्थेकडे ८०जी ची नोंदणी असेल तरच देणाऱ्याला सूट, रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्या रोख रकमेवर सूट नाही, आणि ज्यांनी नवीन कररचना घेतलीये त्यांना ही सूट मिळतच नाही. त्यामुळे "टॅक्स वाचेल" म्हणून पैसे मागू नका, नंतर माणूस नाराज होतो. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढायची आयडिया कोणीतरी देईलच, ती लॉटरीच्या कायद्यात जाते, परवानगीशिवाय करू नका.

२५ हजारवाल्यांना परत पाठवा. तसे पैसे एकदा घेतले की पुढच्या वर्षी अकरा जणींची यादी तुमच्या दुकानात ठरेल, ग्राउंडवर नाही.

चोपड्याचा_खरं_बोलणारा

मला एक कळत नाही, हे सगळं कॉलेजचं काम आहे ना? प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेतात. ती कुठे जाते ते आधी विचारा. आपण वर्गणी काढून किट घेत राहिलो तर त्यांना आयतंच होईल, पुढच्या वर्षी म्हणतील हॉकीला मंडळ आहे, हॉकीला पैसे नकोत. मी विरोध करत नाही, पण कॉलेजने जे द्यायचं ते आधी लेखी घ्या.

रेल्वेग्राउंड_भुसावळ

चोपड्याच्या भाऊंचं बरोबर आहे, मी काल जाऊन टीमच्या मॅडमना भेटलो त्याचसाठी. कॉलेज भाडं आणि जेवणाचा भत्ता देतं, नाही असं नाही, पण बिलं लावल्यावर देतं, आणि ते यायला दोन-दोन तीन-तीन महिने जातात. तोपर्यंत सगळं मॅडमच्या खिशातून. मागच्या वेळी त्यांच्याकडे तेवढे नव्हते म्हणून रिझर्वेशन केलं नाही, म्हणून पोरी जनरलने गेल्या. मला हे माहीतच नव्हतं. आणि दुसरं, रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि मॅचची तारीख यांना कळते दहा-पंधरा दिवस आधी, तोपर्यंत स्लीपर भरलेला. सोबत बायकांचं जे ताईंनी लिहिलंय ते वाचून घरी दाखवलं, बायको म्हणाली मी येते आणि माझ्यासोबत भिशीतल्या अजून दोघी येतील, ताई तुमचे आभार.

जमाखर्च_अमळनेर

मग तुमचा पहिला उपयोग मला दिसला. देणगी नको, उचल द्या. २० हजार रुपये वेगळे काढा, त्याला फिरता निधी म्हणा. दौरा निघाला की मॅडमना त्यातून पैसे द्यायचे, सही घेऊन, आणि कॉलेजचं बिल पास झालं की तेवढेच परत निधीत. पैसा संपत नाही, कॉलेजची जबाबदारी कॉलेजकडेच राहते, चोपडेकरांची शंकाही मिटते आणि तिकिटं वेळेवर निघतात. तुमची वर्गणी मग जे कॉलेज देत नाही त्यावरच जाईल, जास्तीची रात्र, किकर, सोबत जाणाऱ्या बायकांचं भाडं. मी २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा जेवणाच्या कामात स्वयंसेवक होतो, तिथेही अडचण पैसा नसण्याची कमी आणि सकाळी सातला हातात रोख नसण्याची जास्त असायची, तेव्हा शिकलो हे.

चाळीसगाव_ते_मिनेसोटा

मी मूळचा चाळीसगावचा, १४ वर्षं झाली इकडे मिनेसोटात. इथं कॉलेज हॉकी म्हणजे बर्फावरची, एका वेळी सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड, खेळ वेगळाच. पण तुम्ही जे काढू राहिलात त्याला इकडे बूस्टर क्लब म्हणतात आणि हॉकीच्या बऱ्याच क्लबांचं नाव ब्ल्यू लाइन क्लब असतं, बर्फावर ज्या दोन निळ्या रेषा असतात त्यावरून. मी एका क्लबचा सभासद आहे म्हणून आतलं सांगतो.

वर्षाची वर्गणी असते, सीझनमधे दुपारचं जेवण ठेवतात, तिथं कोच येऊन मागच्या मॅचमधे काय चुकलं ते सभासदांना सांगतो, बाहेरगावच्या मॅचला सगळे मिळून बस करतात, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना सीझन संपताना एक मोठं जेवण देऊन निरोप देतात. काम करणारे सगळे फुकट करतात, माझ्यासोबत तिकीट तपासायला जे आजोबा उभे असतात ते ८० च्या पुढचे आहेत, उणे वीसमधे येतात.

पण खरं शिकण्यासारखं आहे ते नियमांचं. इकडे कॉलेजच्या खेळांची एनसीएए म्हणून संघटना आहे, तिच्या पुस्तकात बूस्टर कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे आणि एकदा बूस्टर झालात की जन्मभर बूस्टर. पैसा कॉलेजच्या खेळ विभागाकडे जाणार, खेळाडूच्या हातात क्लबने द्यायचा नाही. टीममधे कोण येणार, कोण खेळणार त्यात बोलायचं नाही. घरी जेवायला बोलवायचं तरी कधीमधी आणि कॉलेजला विचारून. नियम मोडला तर शिक्षा टीमला बसते, म्हणून लोक जपून असतात. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली तेव्हापासून पैशाचं चित्र खूप बदललंय, पण निवडीत बोट घालायचं नाही हे अजून तसंच आहे.

म्हणून तुमच्या २५ हजारवाल्या शेठला कोणीतरी शांतपणे सांगा, काका, पैसे मंडळाला द्या, पुतणीला प्रॅक्टिसला रोज पाठवा, बाकी कोच बघेल. ऐकलं तर चांगलंच. मी स्वतः ३०० डॉलर पाठवतो, कुठे पाठवू?

जमाखर्च_अमळनेर

चाळीसगावकर भाऊ, आधी एक सांगा, पासपोर्ट भारतीय आहे का? असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत पाठवत असाल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, तर २०१० च्या एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात तो परदेशी निधीच, आणि ती परवानगी छोट्या संघाकडे नसते. तेव्हा पाठवू नका, संघ अडचणीत येईल.

चाळीसगाव_ते_मिनेसोटा

नागरिकत्व तीन वर्षांपूर्वी घेतलं. बरं झालं विचारलं. पैसे नाही पाठवत मग. जानेवारीत आई-बाबांकडे येतोय, तेव्हा एक मॅच बघायला येईन आणि ओलं ग्राउंड करायला रोलर ओढेन, त्याला तर काही कायदा आड येत नाही ना.

केळीबाग_रावेर

आपन शेतकरी माणूस, जास्त लिहिता येत नाही. पैसे रोख मी देऊ शकत नाही, यंदा करप्याने बाग धरली, भाव बी तसाच. पन केळी देतो. जेव्हा टीम निघेल तेव्हा दोन दिवस आधी फोन करा, पिकवून ठेवतो, एकदम पिवळी नको, टोकाला जरा हिरवट असलेली, म्हणजे प्रवासात काळी पडत नाही आणि तिसऱ्या दिवशी बी खाता येते. फण्या सुट्या करून कागदात गुंडाळून क्रेटमधे देतो. क्वार्टरच्या मधे दोनच मिनिटं असतात म्हणता, तेवढ्यात पोरीने अर्धं केळं खाल्लं तरी पुरे, वडापाव खाऊन खेळू देऊ नका हो. भो, बठ्ठं जमी जाई, सगळं जमेल.

धुळ्याचा_गोली

रावेरच्या भाऊंना मनापासून नमस्कार. त्यावरूनच एक सांगायचं राहिलं, कोणी चांगल्या मनाने पावडरचे डबे, कॅप्सूल, ताकदीची औषधं आणून देईल, ती पोरींना देऊ नका. पुढे मोठ्या स्पर्धेत नाडाची (खेळातलं डोपिंग तपासणारी सरकारी संस्था) लघवी तपासणी होऊ शकते, डब्यात काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही आणि बंदी पोरीवर येते. केळी, गूळ-शेंगदाणे, भाकरी, वरण-भात. निघायच्या दिवशी तिखट शेवभाजी सुद्धा नको, ती जिंकून आल्यावर.

आणि एक, भारताची गोलकीपर सविता पुनिया टोकियो ऑलिम्पिकला २०२१ मधे ऑस्ट्रेलियासमोर उभी राहिली आणि आपण १-० जिंकलो ती मॅच त्या गोलकीपर पोरीला दाखवा, पूर्ण. हायलाइट नको. हायलाइटमधे गोलकीपर कुठे उभी राहते, बॉल लांब असताना पाय कसे हलवते, कोणाला ओरडून सांगते ते दिसत नाही.

शहाद्याची_आई

आणि तिच्या आईला पण बसवा सोबत बघायला.

रेल्वेग्राउंड_भुसावळ

मंडळी, काल रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो, काय झालं ते सांगतो. ११ जण होतो, त्यात पाच बायका, दोन खेळाडूंच्या आया. माजी विद्यार्थी संघाचे सचिव बी आले होते, सीए साहेब तुम्ही म्हणालात तसंच निघालं, संघ नोंदवलेला आहे, खातं आहे, दोन वर्षांत एकच एंट्री. ते म्हणाले हॉकीची उपसमिती करतो, ठराव पुढच्या आठवड्यात. माझ्याकडचे ३८ हजार यादीसकट त्यांच्याकडे देणार, सगळ्यांना विचारून. त्यातले २० फिरता निधी. दोन सह्या, एक सचिवांची आणि एक त्या गोलकीपरच्या आईची, ती आधी नको नको म्हणत होती, बँकेचं काही कळत नाही म्हणाली, मंग माझ्या बायकोने तिला सांगितलं तू महिन्याचं घर किती पैशात चालवते ते आम्हाला शिकव.

२५ हजारवाल्यांकडे मी आणि मॅडम दोघं गेलो. मिनेसोटावाल्या भाऊंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. चहा पाजला, हो बी नाही म्हटले आणि नाही बी नाही. पण आज संध्याकाळी पुतणी प्रॅक्टिसला आली होती, वेळेच्या आधी, आणि टँकर आला तेव्हा रोलर ओढायला बी लागली.

पूर्ण किट आत्ता जमत नाही, १८ हजारच उरतात आणि जास्तीच्या रात्रीला बी ठेवायचेत, म्हणून सध्या नुसते किकर मागवलेत जालंधरहून, धुळ्याच्या भाऊंनी फोनवर माप कसं घ्यायचं ते सांगितलं, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने. यायला दहा दिवस लागतील. तोवर जुनाच किकर वापरायचाय म्हणून तो घेऊन मी स्टेशनबाहेरच्या चांभारदादांकडे गेलो, त्यांनी जुन्या बॅगचा पट्टा कापून दुहेरी शिवून दिला, दोन टाके वर अजून मारले. ४० रुपये. वहीत खर्चाची पहिली नोंद तीच आहे.